पाचवीच्या मुलाला दुसरीच्या पोरांबरोबर वाचायला बसवावं का?

ओसरी: आमची जिल्हा परिषदेची शाळा, पाचवीत अकरा मुलं. चौघांना गोष्ट वाचता येत नाही, त्यातले दोघे तर शब्दावरच अडतात. म्हणून रोज तासभर इयत्ता विसरून अक्षर, शब्द, परिच्छेद, गोष्ट असे गट पाडते. 'प्रथम' या शिक्षणातल्या संस्थेचे लोक हे बरीच वर्षं करतात, माझा शोध नाही. मुलांचं वाचन-गणित तपासणाऱ्या 'असर'च्या २०२४ च्या पाहणीत ग्रामीण भारतातल्या सरकारी शाळांतली तिसरीची २३.४ टक्केच मुलं दुसरीचा मजकूर वाचू शकली. मागे राहिलेल्यांचं पुढे काय होतं, ते माझ्या वर्गात बसलंय. पण परवा एक पालक भांडायला आले, 'माझ्या पोराला खाली का उतरवलं?'

बोरूबहाद्दर: बरोबरच आहे त्यांचं. मी स्वतः मागच्या बाकावरचा 'ढ'. गटाला फुलपाखरू म्हणा नाहीतर मोर, कोण कुठे ते पोरांना दुसऱ्याच दिवशी कळतं. आणि हा तास काढता कुठून? परिसर अभ्यासातून?

ओसरी: हो, कधीकधी त्यातूनच. खोटं कशाला बोलू? पण धडा वाचता न येणारा त्या तासाला करतो काय? शेजाऱ्याचं बघून उतरवतो.

पहिली वेलांटी: गटावरून भांडताय, गटात शिकवता काय? 'क ला काना का' घोकून घेत असाल तर वर्ष गेलं तरी पोर तिथेच. अ ते ज्ञ संपेपर्यंत शब्द नाही, ही कसली शिक्षा? क, म, ल आणि काना एवढंच घ्या : काम, माल, लाल, मामा, कमाल. पहिल्याच आठवड्यात पोर वाचतं. खरी गोची पुढे. पहिली वेलांटी लिहायची आधी, बोलायची नंतर. रफाराचं उलटं : 'सूर्य'मधला र म्हणायचा आधी आणि बसवायचा य च्या डोक्यावर. मुलं इथे अडतात आणि आपण म्हणतो, लक्ष नाही.

बोरूबहाद्दर: मग हे पहिलीतच करा ना! पाचवीत वेगळं बसवणं मला नामंजूरच.

सातपुडा: पहिलीत येणाऱ्याची घरची भाषा पावरी असेल तर? मेळघाटातली कोरकू तर मराठीच्या घराण्यातलीही नाही. तिथलं पोर अक्षरं बरोबर लावतं, पण अर्थच लागत नाही. ते आणि वेलांटीत अडकलेलं पोर, दोघं तुमच्या एकाच 'शब्द' गटात. पहिल्याला आधी तोंडी गोष्ट हवी, त्याच्या भाषेत.

ओसरी: हे ध्यानात आलं नव्हतं. माझ्या दोघांतला एक मात्र ऊसतोडीवाल्यांचा. दिवाळीनंतर तो फडावर, त्याला कुठल्या गटात घालू? भांडणाऱ्या पालकांना सोमवारी तासाला बोलावलंय, मागे बसून बघा म्हटलं. येतो म्हणालेत.