जेटीच्या भिंतीवरची ती पाटी काढू नका

खाडीकाठी: काल इथे एका गृहस्थांनी जेटीच्या भिंतीवरच्या पाटीचा फोटो टाकला. पाटीवर कानडी आणि नेपाळीत 'तपासणी मोफत, नाव गुप्त' आणि १०९७ हा एचआयव्ही हेल्पलाइनचा नंबर, एवढंच. त्यावर त्यांनी लिहिलं, "धंद्याच्या जाहिराती लावून गावाचं नाव घालवताय. या बायकांनाच आधी गावाबाहेर काढा." वाचल्यापासून चैन नाही, म्हणून लिहितेय.

पाटी एचआयव्हीच्या तपासणीची आहे, धंद्याची नाही. मी सहा वर्षं देहविक्री करणाऱ्या बायकांसाठीच्या एचआयव्ही प्रकल्पात ओआरडब्ल्यू, म्हणजे वस्तीत फिरणारी कार्यकर्ती होते, त्यांच्या खोल्यांमधून फिरलेय. विजापूरकडच्या एकीचा निरोध फाटला. तिने मला सांगितलं चौथ्या दिवशी. एचआयव्हीची लागण होऊ नये म्हणून द्यायच्या पीईपीच्या गोळ्या ७२ तासांच्या आत सुरू व्हाव्या लागतात, मग २८ दिवस घ्यायच्या. आमचं पत्रक तिच्या पेटीत होतं, साडीखाली, घडीसुद्धा न मोडलेलं. मराठीतलं. तिला मराठी येत होतं ते 'किती', 'चल', 'पैसे आधी' एवढंच.

लाल माती: ताई, तुमची कळकळ खरी असेल. पण त्या वाटेने माझी मुलगी शाळेत जाते. आणि महाराष्ट्राच्या बंदरावर कानडी पाटी? बेळगावात आपल्या लोकांना मराठी पाटीसाठी किती सोसावं लागलंय ते आठवा. इथे राहायचं तर मराठी शिका.

खाडीकाठी: भाऊ, ती चार महिने इथे, मग दुसऱ्या गावी. मराठी शिकेपर्यंत आजार थांबतो का?

देवगडकर: भाषेचा मुद्दा एवढा उडवून लावू नका. बँकेत हिंदी, एसटीच्या चौकशीला हिंदी, आता जेटीवर कानडी. माझी आई बँकेतला फॉर्म दुसऱ्याकडून भरून घेते. तिच्यासाठी कुणी पाटी लावली?

लाल माती: हेच म्हणतोय मी!

सुरंगी: देवगडकर, तुमच्या आईची अडचण आणि त्या बाईची अडचण एकच आहे, हे तुम्हाला कसं दिसत नाही? दोघींना आपल्या भाषेतला कागद मिळत नाही.

देवगडकर: माझ्या आईची तुलना कुणाशी करताय? शब्द मागे घ्या.

सुरंगी: मागे घेणार नाही. मी नर्स आहे. खिडकीवर दोघीही सारख्याच घाबरलेल्या असतात.

मुक्ता: तुम्ही पाटीवरून भांडताय, पण तिला इथे आणलं कोणी? आमच्या वाडीतली एक मुलगी काजूच्या कारखान्यात काम आहे म्हणून नेली. तिचं वय होतं सतरा. दोन वर्षांनी परत आली, घराबाहेर पडत नव्हती. निरोध वाटायचे म्हणजे दलालाची दुकानं चालू ठेवायची. आधी सोडवा.

खाडीकाठी: सतरा वर्षांच्या मुलीसाठी ११२ ला फोन करायचा, तिथे माझा काही वाद नाही. पण 'बाहेर काढा' म्हणणाऱ्यांनी गोव्यातलं बायना आठवावं. २००४ च्या जूनमध्ये वास्कोची ती वस्ती पाडली. धंदा बंद झाला का? बाया लॉजवर, भाड्याच्या खोल्यांत पांगल्या, कार्यकर्त्यांना सापडेनाशा झाल्या. तोंडओळखीची एक बाई दुसरीला सांगायची, ती साखळीच तुटली.

मुक्ता: पांगल्या हे खरं. तरी फक्त निरोधावर भागणार नाही, हे तुम्हीही मान्य करा.

खाडीकाठी: करते. पण तो असायलाच हवा. धाड पडते म्हणून बाया तो जवळ ठेवायला घाबरतात. १९ मे २०२२ ला सुप्रीम कोर्टाने सांगितलंय, निरोध गुन्ह्याचा पुरावा धरायचा नाही. हे तिला कानडीत कोण सांगणार?

सुरंगी: आता मला तुमच्याशीही भांडायचंय. पाटी हवी, पण ती जागा चुकीची आहे. भर जेटीवर पाटीपुढे कोण थांबून वाचेल? थांबली की तिच्यावर शिक्का. आमच्याकडे एकदा खिडकीतून ओरडून विचारलं, "एआरटीची कोण?" म्हणजे एचआयव्हीच्या गोळ्या घेणारी कोण. बाकावरची बाई उठली आणि सरळ गेटबाहेर. एचआयव्ही कायदा १० सप्टेंबर २०१८ पासून लागू आहे, गुप्तता त्यात लिहिलेली आहे, आणि तरी असं. दुसरी एक एआरटीच्या नोंदींचं हिरवं पुस्तक तांदळाच्या डब्यात ठेवायची, मालकिणीला दिसू नये म्हणून. घाईत खोली सोडली, डबा मागे राहिला. गोळ्या चुकल्या. सांगायचं ते आवाजात सांगा, फोनवर, त्यांच्यातल्याच कुणीतरी.

खाडीकाठी: जागेचं पटलं. आमची चूक झाली.

होडीवालो: माझी बोट असा. आठ खलाशी, पाच नेपाळचे. बायकांवरच सगळो राग, जाणाऱ्यांचा कोणी नावच घेणा नाय. एका पोराक जखम झाली, ती आपसूक सुकली, तो गप रवलो. मगे दर्यात अंगार चट्टे उठले, ताप चढलो. बोट फिरवून आणली. रक्त तपासला, गरमी निघाली, सिफिलिस. पेनिसिलिनची सुई मारली, बरो झालो. मी इचारलंय, आधी कित्याक सांगूक नाय? म्हणता, "शेठ, नेपाळीत बोलू कुणाशी?" लाल माती, तुमच्या चेडवाच्या वाटेर पाटी नको तर नको. माझ्या खलाश्यांच्या खोलयेत लावा.

लाल माती: खोलीत लावा, माझी हरकत नाही. पण वर मराठी असलंच पाहिजे.

देवगडकर: आणि मोठ्या अक्षरात.

खाडीकाठी: वर मराठी, मोठ्या अक्षरात. होडीवाले, तुमचा तो बरा झालेला मुलगा दोन मिनिटं नेपाळीत बोलेल का? नाव नको, नुसता आवाज. कानडीचं मी बघते, खोल्यांमधल्याच एकीला विचारते.

होडीवालो: इचारतंय. तो आता गावाक गेलो, मासेमारीची बंदी उठूच्या आधी येतलो. १ ऑगस्टाक बोटी सुटतत, त्याच्या आधी दोन दीस या.