मदत हवी आहे: साडीला फॉल लावताना ऐकायला विज्ञानाचे नवे पॉडकास्ट सुचवा

सुईदोरा

नमस्कार मंडळी,

मी मिरजेत घरीच ब्लाउज शिवते आणि साड्यांना पिको-फॉल करून देते. पिको मशीनवर होतं, त्या घरघरीत काही ऐकू येत नाही. फॉल मात्र मी दोन्ही कडांनी हातानेच लावते. आधी फॉल भिजवायचा, वाळवायचा, इस्त्री करायची, मग आतल्या बाजूने बारीक टाके घालत जायचं. उजव्या बाजूला टाक्याचा ठिपका दिसला की गिऱ्हाईक साडी परत आणतं, म्हणून डोळे हलवता येत नाहीत. हात आणि डोळे अडकलेले, कान रिकामे. एका साडीला पाऊण तास लागतो आणि गेली सहा वर्षं तो पाऊण तास मी पॉडकास्ट ऐकत घालवते.

बी.एस्सी.ला माझं फिजिक्स होतं. दुसऱ्या वर्षानंतर घरच्या अडचणीत ते सुटलं. त्याची रुखरुख अजून आहे, आणि ऐकणं माझ्यासाठी नुसता विरंगुळा नाही, हे आधीच सांगते.

आतापर्यंत काय ऐकलं ते लिहिते, म्हणजे तेच पुन्हा सुचवायला नको.

सगळ्यात जास्त ऐकलं ते बीबीसीचं ‘इन अवर टाइम’. १९९८ पासून मेल्विन ब्रॅग यांनी तो कार्यक्रम चालवला, हजाराच्या वर भाग केले आणि २०२५ मध्ये ते थांबले. तीन प्राध्यापक, एक विषय, पाऊण तास. म्हणजे बरोब्बर एक साडी. ‘ॲब्सोल्यूट झीरो’चा भाग मी तीनदा ऐकलाय. ब्रॅग मध्येच थांबवून ‘हे जरा परत सांगा’ म्हणायचे ना, तेव्हा वर्गात माझ्याच वतीने कुणीतरी हात वर केल्यासारखं वाटायचं.

टिम हारफर्ड यांचं ‘फिफ्टी थिंग्ज दॅट मेड द मॉडर्न इकॉनॉमी’ही संपलं. नऊ-दहा मिनिटांचा एकेक भाग, ब्लाउजला हुक लावताना चपखल बसतो. काटेरी तार, कंटेनर, बारकोड असे विषय. पुढच्या पन्नासात शिवणयंत्रही आहे आणि सिंगरने मशीन हप्त्यांवर कशी विकली ते त्यात येतं. माझ्या आईचीही पहिली मशीन हप्त्यावरच आली होती. ब्रिटिश म्युझियमची ‘अ हिस्टरी ऑफ द वर्ल्ड इन हंड्रेड ऑब्जेक्ट्स’ ही शंभर भागांची मालिकाही झाली. सिंधू संस्कृतीच्या मुद्रेचा भाग त्यातच आहे.

आता अडचण. मी ज्या ॲपवर ऐकत होते ते बंद झालं आणि माझी सगळी यादी गेली. काही नावं आठवतात, काही नाहीत. नवीन ॲपमध्ये ‘सायन्स’ लिहून शोधलं तर वर येतात ते दोघे-तिघे बसून हसत गप्पा मारणारे कार्यक्रम. वीस मिनिटं झाली तरी विषयाला हात नाही.

मला हवं ते असं:

विषय कोणताही चालेल, पण सांगणाऱ्याने अभ्यास केलेला असावा. चित्रं बघितल्याशिवाय कळणार नाही असं नको. इंग्रजी समजतं, फक्त फार भरभर नको. मराठी-हिंदीत असेल तर आनंदच. गौरी-गणपतीच्या साड्या आताच यायला लागल्यात, ढीग लागायच्या आत यादी हाताशी हवी.

थेम्सकाठ

ताई, तुमचा धागा वाचून इतकं बरं वाटलं. मी लंडनजवळ राहते, गाडीत रोज हेच ऐकते.

‘इन अवर टाइम’ आवडलं असेल तर ‘द लाइफ सायंटिफिक’ लगेच सुरू करा. जिम अल-खलिली हे स्वतः भौतिकशास्त्राचे प्राध्यापक, २०११ पासून ते एकेका शास्त्रज्ञाशी निवांत बोलतात. संशोधनाबरोबर माणसाचं आयुष्यही येतं: कुणाचं शिक्षण मध्येच सुटलेलं, कुणी दुसऱ्याच वाटेने विज्ञानात आलेलं.

भरभर इंग्रजीबद्दल म्हणाल तर बीबीसी वर्ल्ड सर्व्हिसचे कार्यक्रम निवडा. ते जगभरच्या श्रोत्यांसाठी असतात, त्यामुळे उच्चार स्वच्छ आणि वाक्यं सुटी सुटी. त्यातलं ‘क्राउड सायन्स’ तर श्रोत्यांनी पाठवलेल्या प्रश्नांवरच चालतं. आकड्यांची आवड असेल तर ‘मोअर ऑर लेस’ आहे, तेही टिम हारफर्ड यांचंच. बातम्यांत फेकलेला आकडा खरा आहे का, ते तपासतात.

दुर्बीण

‘थर्टीन मिनिट्स टू द मून’. बाकी सगळं बाजूला ठेवा आणि हे ऐका. बीबीसी वर्ल्ड सर्व्हिसने २०१९ मध्ये केलं, निवेदन डॉ. केव्हिन फाँग यांचं. अपोलो ११ चं यान चंद्रावर उतरतानाची शेवटची तेरा मिनिटं, आणि ती समजावीत म्हणून त्यामागची सगळी तयारी. त्या वेळची मूळ ध्वनिमुद्रणं आहेत, सगळा खेळच आवाजाचा. चित्राची गरज पडत नाही.

ताई, तुम्हाला हेच का सुचवतोय ते सांगतो. त्या यानातल्या संगणकाचा प्रोग्राम अक्षरशः विणलेला होता. मॅसॅच्युसेट्समधल्या वॉल्थमच्या कारखान्यात बायका समोरासमोर बसून सुईने तांब्याची बारीक तार चुंबकीय कड्यांमधून ओवायच्या. तार कड्याच्या आतून गेली तर एक, बाहेरून गेली तर शून्य. असे छत्तीस हजारांवर ‘शब्द’ (संगणकाच्या भाषेत एक-शून्यांचा ठरावीक गट म्हणजे एक शब्द) त्या विणकामात साठवलेले होते. एकदा विणून झालं की चूक दुरुस्त करणं महाकठीण, म्हणून प्रोग्राम कितीतरी आधी पक्का करून कारखान्यात पाठवावा लागायचा.

२० जुलै १९६९ ला उतरता उतरता त्या संगणकाने १२०२ हा इशारा दिला. झेपेना इतकं काम अंगावर आलं होतं, कारण एका रडारकडून नको ती माहिती सारखी येत होती. ह्यूस्टनच्या नियंत्रण केंद्रात जॅक गार्मन नावाचा चोवीस वर्षांचा मुलगा होता. त्याने असल्या इशाऱ्यांची यादी हाताने लिहून टेबलावर ठेवली होती. त्यात बघून त्याने सांगितलं, पुढे जा. संगणक कमी महत्त्वाची कामं सोडून देत होता आणि उतरण्याचं काम धरून होता. त्या बायकांनी ओवलेला एकेक धागा त्या क्षणी नीट चालला.

पहिला सीझन अपोलो ११ चा, दुसरा अपोलो १३ चा. त्याच क्रमाने ऐका.

सुईदोरा

दुर्बीणदादा, तार कड्याच्या आतून गेली तर एक आणि बाहेरून गेली तर शून्य, हे वाचून हातातली साडी खाली ठेवली. आज रात्रीच सुरू करते.

रिकामा_खिसा

यादी गेल्याबद्दल. अँड्रॉइड फोन असेल तर अँटेनापॉड घ्या. फुकट आहे, जाहिराती नाहीत. पॉडकास्ट हा मुळात आरएसएस फीडवर चालतो, म्हणजे कार्यक्रम करणाऱ्याने एक पत्ता ठेवलेला असतो आणि कोणतंही ॲप तिथून नवे भाग आणतं. यादी ही ॲपच्या मालकीची नसते. सेटिंगमध्ये जाऊन महिन्यातून एकदा ती ओपीएमएल फाइल म्हणून बाहेर काढा आणि स्वतःलाच मेल करून ठेवा. ॲप बंद पडलं तर तीच फाइल दुसऱ्या ॲपमध्ये टाकायची, यादीतले सगळे कार्यक्रम जसेच्या तसे परत.

वेग ०.८५ वर ठेवून बघा. त्याहून कमी केला तर आवाज ओढल्यासारखा होतो. आणि रात्री वायफायवर डाउनलोड लावून ठेवा, दिवसभर डेटा लागणार नाही.

सुईदोरा

ही फाइलची गोष्ट मला आधी कुणी सांगितली असती तर! आजच करते.

बोरीबंदर ते बोरिवली

रेडिओलॅब. २००२ पासून चालू असलेला अमेरिकेतला कार्यक्रम.

थेम्सकाठ

रेडिओलॅबमध्ये आवाज एकमेकांवर चढवतात, मध्येच वाक्य तोडतात. ज्यांना सावकाश हवंय त्यांना त्रास होईल असं मला वाटतं. प्रामाणिक मत.

बोरीबंदर ते बोरिवली

मान्य, पण एकच भाग ऐकून बघा: २०१२ चा ‘कलर्स’. माणसाच्या डोळ्यात रंग ओळखणाऱ्या पेशी तीन प्रकारच्या, कुत्र्याच्या दोन. मँटिस श्रिंप नावाचा झिंग्यासारखा समुद्री प्राणी आहे, त्याच्या डोळ्यात त्याहून किती तरी जास्त. आता हे कानाला कसं सांगणार? त्यांनी गायकांचा मोठा ताफा उभा केला आणि कोणाला कुठले रंग दिसतात ते सुरांत गाऊन दाखवलं. कुत्र्याला थोडेच सूर, माणसाला जास्त, आणि तो प्राणी आला की सगळा ताफा एकदम. रंगाशी रोजचा संबंध असलेल्या माणसाने हे ऐकायलाच हवं.

चुनाभट्टी

ताई, मराठीबद्दल कुणीच लिहिलं नाही, म्हणून मी लिहितो. मी निवृत्त शिक्षक आहे, मराठी विज्ञान परिषदेच्या कार्यक्रमांना नेमाने जातो.

मराठीत मुलाखतींचे पॉडकास्ट आता उदंड झालेत. नीट लिहून, तपासून, आवाजांची जोड देऊन केलेलं विज्ञान मात्र मला फार थोडं सापडतं, आणि याचं मला मनापासून वाईट वाटतं. ज्या भाषेत जयंत नारळीकरांनी आयुष्यभर विज्ञान सांगितलं, त्या भाषेत ‘इन अवर टाइम’च्या तोडीचं का होऊ नये? माणसं आहेत, विषय आहेत, ऐकणारे तुमच्यासारखे आहेत.

तोवर जे आहे ते: बीबीसी मराठीचं ‘गोष्ट दुनियेची’ ऐका. जगातला एक प्रश्न घेऊन तज्ज्ञांच्या मतांवरून उलगडतात. त्यांचीच ‘सोपी गोष्ट’ छोट्या वेळेला बरी. हिंदीत ‘पुलियाबाज़ी’ आहे, अर्थकारण, तंत्रज्ञान, इतिहास अशा विषयांवर जाणत्यांशी गप्पा. या गप्पा आहेत हे खरं, पण तयारी करून मारलेल्या.

पुण्यातल्या आयुका या खगोलशास्त्राच्या संस्थेत शाळकरी मुलांसाठी दुसऱ्या शनिवारी मराठीतून व्याख्यानं होतात. ती फार गोड असतात, पण वक्ता पडद्यावर बोट ठेवून ‘हे बघा’ म्हणतो तिथे तुमची सुई अडेल. ती सुट्टीच्या दिवशी बघण्यासाठी राखून ठेवा. आणि कधी जमलं तर २८ फेब्रुवारीच्या सुमारास नारायणगावजवळच्या खोडदला जा. विज्ञान दिनाला ते रेडिओ दुर्बिणीचं केंद्र लोकांसाठी खुलं असतं. पंचेचाळीस मीटर व्यासाच्या तीस तबकड्या आहेत. एकीच्या खाली उभं राहिलं की वर जाळीतून आभाळ दिसतं.

सुईदोरा

बारा दिवसांनी लिहितेय, माफ करा. साड्या येताहेत.

‘थर्टीन मिनिट्स’चा पहिला सीझन संपला. १२०२ आला तेव्हा मी एका पैठणीच्या काठाशी होते. काय होणार ते दुर्बीणदादांनी आधीच सांगितलं होतं, जगाला पन्नास वर्षांपूर्वीच माहीत होतं, तरी टाका घालायची छाती होईना. सुई तशीच कापडात टोचून ठेवली आणि दोन्ही हात मांडीवर घेऊन ऐकलं. साठ सेकंदांचं इंधन उरलंय, मग तीस सेकंदांचं, असं ह्यूस्टनमधला माणूस शांतपणे सांगतो. एवढ्या शांत आवाजात इतकी भीती मी आजवर ऐकली नव्हती.

‘कलर्स’ही ऐकलं. थेम्सकाठताई म्हणतात तसं धावतंच ते, ०.८५ वरही दोनदा ऐकावं लागलं. पण एक गोष्ट डोक्यात बसली. साडीला दोरा जुळवताना मी तो नेहमी दारात उन्हाशी नेऊन बघते, कारण ट्यूबलाइटखाली एकसारखे वाटलेले दोन मोरपंखी उन्हात वेगळे निघतात. डोळ्यातल्या पेशी तीनच प्रकारच्या, प्रकाश बदलला की त्यांच्यापाशी पोचणारं मिश्रण बदलतं. वीस वर्षं मी हे हाताने करत होते, का करते ते आत्ता कळलं.

‘लाइफ सायंटिफिक’चे सात भाग झाले, ते आता रोजचं झालंय. ‘गोष्ट दुनियेची’ सासूबाईही ऐकतात, त्यामुळे ते स्पीकरवर. यादीची फाइल स्वतःला मेल केली, रिकामा_खिसा यांचे आभार.

एक प्रश्न मात्र तयार झालाय. नवीन सुती फॉल पहिल्यांदा भिजवला की चांगला दोन बोटं आटतो. दुसऱ्यांदा भिजवला तर जवळपास काहीच नाही. पाणी तेच, कापड तेच. असं का?

मागावरचा

ताई, मी इचलकरंजीचा, घरचे माग आहेत. मागावर ताणा, म्हणजे उभे धागे, कायम ओढून धरलेला असतो. कापड उतरलं, खळ लागली, इस्त्री झाली तरी तो ताण सुतात अडकून राहतो. पहिल्यांदा पाणी लागलं की सूत फुगतं, जाड होतं, आडव्या धाग्याला वळसा घालायला त्याला जास्त लांबी लागते. ती लांबी कापडातूनच घेतली जाते, म्हणून कापड आखूड होतं. ताण एकदा सुटला की दुसऱ्यांदा सुटायला फारसा उरत नाही. पॉलिस्टर पाणी पीत नाही, म्हणून ते असं आटत नाही.

सुईदोरा

दादा, किती सोपं करून सांगितलंत. म्हणजे मी फॉल भिजवते तेव्हा तुमच्या मागाचा ताण सोडवत असते.

कापड, सूत, रंग याबद्दलचं कुठे ऐकायला मिळतं का? नीळ कशी करायचे, कृत्रिम रंग कसे आले, असलं काही. कोणत्याही भाषेत चालेल. अडतीस साड्या बाकी आहेत आणि अपोलो १३ चा सीझन मी रोज एकच भाग असा पुरवून ऐकतेय.