पिस्तूल कमरेला, पण टोचू नये आणि दिसू नये

प्रेषक: बाळा, रिचमंड (टेक्सास)

नमस्कार मंडळी,

आज प्रश्न गणपतीच्या वर्गणीचा नाही, जरा वेगळा आहे. दुकान रात्री साडेनवाला बंद होतं आणि दिवसाचा गल्ला घेऊन मीच गाडीपर्यंत जातो. आमच्याच रांगेतल्या एका दुकानदाराला मागच्या पार्किंगमध्ये अडवून लुटलं, तेव्हापासून सौ.च्या जिवाला घोर लागलाय. सिटिझन झालो होतोच. क्लास केला, पन्नास गोळ्यांची परीक्षा दिली, कॅरी लायसन्स आलं. ग्लॉक ४३एक्स ही छोटी गन घेतली.

घोडं अडलंय ते रोज बाळगण्यावर. वीस डॉलरचं नायलॉनचं होल्स्टर, म्हणजे गन ठेवायचं म्यान, आणलं, पँटच्या आत कमरेला लावायचं. दुपारपर्यंत हाड सोलवटून निघतं. परवा खालच्या फळीवरची आट्याची गोणी उचलायला वाकलो, तर मागे उभ्या असलेल्या बाई माझ्या शर्टाकडे बघून दोन पावलं मागे सरकल्या. मला फार वाईट वाटलं. आता तीन वाजले की काढून गल्ल्याखालच्या ड्रॉवरमध्ये ठेवतो आणि निघताना परत लावतो. तुमच्यापैकी जे बाळगतात ते काय करतात?

— बाळा

*

प्रेषक: नाना, शुगर लँड

बाळा,

ड्रॉवरचं वाचलं आणि झोप लागेना, म्हणून पहाटेच लिहायला बसलोय. टोचते म्हणून काढून ठेवलेली गन सगळ्यांत वाईट. ती तुझ्याजवळ नाही, पण ड्रॉवर उघडेल त्याच्याजवळ आहे. तुझ्या दुकानात शाळकरी पोरंही कामाला असतात. म्हणून आरामाला चोचला समजू नकोस. सकाळी लावली की रात्री थेट तिजोरीतच उतरली पाहिजे, मधे हातसुद्धा लावावा लागू नये, अशी सोय बघायची.

ते नायलॉनचं आजच फेकून दे, दुसऱ्या कुणाला देऊ नकोस. सगळ्या गनना बसतं म्हणून जे विकतात ते एकीलाही नीट बसत नाही. ग्लॉकला अंगठ्याने सरकवायचं सेफ्टीचं बटण नसतं. ट्रिगर पूर्ण मागे गेला की गोळी सुटते. म्हणून ट्रिगरभोवतीची कडी पूर्ण झाकणारं, दाबलं तरी न वाकणारं, ४३एक्सच्याच साच्यावर काढलेलं कायडेक्सचं, म्हणजे कडक प्लास्टिकचं, होल्स्टर घे. गन आत सरकवली की टक्क आवाज आला पाहिजे. रिकामी गन घालून होल्स्टर उलटं धरून हलव, पडता कामा नये. चामड्याचं अंगाला मऊ लागतं, मलाही आवडतं, पण मऊ चामडं जुनं झालं की त्याचं तोंड मिटतं, कड आत दुमडते, आणि गन परत घालताना ती दुमड ट्रिगरवर येऊ शकते. माझं जुनं मी त्याच कारणाने कात्रीने कापून टाकलं.

आता दुखण्याबद्दल. एवढ्या मोठ्या मेलमध्ये पट्ट्याबद्दल एक अक्षर नाही, आणि दुखण्याचं मूळ तिथंच आहे! भरलेली ४३एक्स साडेसहाशे ग्रॅमच्या आसपास भरते. ऑफिसच्या मऊ पट्ट्यावर ती लोंबते, मूठ बाहेर कलते, म्हणून तू पट्टा आणखी आवळतोस आणि हाडाची सालं निघतात. दीड इंच रुंदीचा, आत ताठ पट्टी असलेला, गन बाळगण्यासाठीच बनवलेला पट्टा घे. पँट कमरेला एक-दोन इंच सैल घे. होल्स्टरलाही आत जागा लागते.

मग जागा. बेंबी म्हणजे बारा वाजले असं धर. उजव्या हाडावर तीन, त्याच्या मागे चार. तुझं नेमकं हाडावर, तीनला आलं असणार. तिथं फारसं कुणालाच सोसत नाही. चारला सरकवलंस तर दुखणं थांबेल, पण वाकलास की मूठ शर्टातून वर येईल. दिसते ती मूठच, नळी पँटीत गडप होते. तुझं काम सारखं वाकण्याचं, म्हणून मी तुला एकच्या जागी, पोटापुढे लावायला सांगेन. गाडीत बसल्यावर खालचं टोक मांडीच्या सांध्यात रुततं, त्याला होल्स्टरच्या खालच्या बाजूला फोमची पाचर चिकटवायची, रुतणं कमी होतं आणि मूठही पोटाकडे दबते. होल्स्टरला बाहेरून लावायचा पंखासारखा एक छोटा तुकडा मिळतो. पट्टा त्याच्यावर दाब देतो आणि मूठ आणखी आत वळते. ही दोन्ही मिळून पंचवीस-तीस डॉलरचं काम आहे, आणि फरक जमीन-अस्मानाचा. पाठीच्या मधोमध मात्र कधीही लावू नकोस. घसरून पडलास तर थेट मणक्यावर.

माझी आजी चंची कडोसरीला खोचून दिवसभर भात लावायची. ओणवी असायची, पण चंची कधी घसरली नाही की टोचली नाही. कमरेच्या कुठल्या खळगीत काय बसतं हे तिला अंगाला विचारूनच कळलं होतं. तूही आठवडाभर घरी, रिकामी करून, गोळ्या दुसऱ्या खोलीत ठेवून, लावून बघ. बस, वाक, गोणी उचल, मांडी घाल. अर्धा इंच इकडे-तिकडे करत राहा, जागा सापडेल.

आणि एक अनुभव. काही वर्षांपूर्वी बघण्याची गरज वाटली नाही, म्हणून न बघताच गन परत होल्स्टरमध्ये घालत होतो. मधेच अडली. नेहमीच्या सवयीने जोर लावणार, तेवढ्यात हात थांबला. वाकून बघितलं तर शर्टाचं टोक ट्रिगरच्या कडीत गेलं होतं. आणखी अर्धा इंच दाबली असती तर मांडी गेली असती. तेव्हापासून डाव्या हाताने शर्ट छातीपर्यंत वर धरतो, डोळ्यांनी बघतो आणि सावकाश घालतो. गन काढायची घाई असू शकते, परत ठेवायची कधीच नसते. पोटापुढे लावणार असलास तर होल्स्टर आधी बाहेर काढून, गन त्यात घालून, मग दोन्ही एकत्र कमरेला खोच.

त्या बाईंचं मनाला लावून घेऊ नकोस. टेक्सासमध्ये शर्टाखाली उंचवटा दिसला म्हणून गुन्हा होत नाही. इथं १ जानेवारी २०१६ पासून लायसन्सवाल्याला होल्स्टरमध्ये उघड बाळगायचीही मुभा आहे. पण किराणा घ्यायला आलेल्या माणसाला भीती वाटू नये, हा तुझा विचार मला फार पटला.

— नाना

*

प्रेषक: ताई, केटी

नाना, तुमचं सगळं पुरुषांच्या पट्ट्यावर चाललंय. पंजाबी ड्रेसला पट्टा कुठला? मी रुंद इलॅस्टिकचा पोटपट्टा वापरते, पण नुसत्या कापडी खिशाचा नाही. ट्रिगर झाकायला कडक कायडेक्सचं कवच बसवलेला. झब्बा किंवा सैल कुर्ता असला की काही दिसत नाही. साडीवर मी बाळगतच नाही. पदर, निऱ्या आणि गन एकत्र सांभाळता येत नाहीत असं माझं स्पष्ट मत आहे.

मैत्रिणी पर्सबद्दल विचारतात. कृपा करून नको. ३० डिसेंबर २०१४ ला आयडाहोतल्या हेडन गावी, वॉलमार्टमध्ये, दोन वर्षांच्या बाळाने आईच्या पर्समधून पिस्तूल काढलं आणि त्यातून सुटलेल्या गोळीने आई जागच्या जागी गेली. पर्स गन ठेवायच्या खास कप्प्याची होती. आपण पर्स ट्रॉलीत ठेवतो, खुर्चीला अडकवतो, दुसऱ्याच्या घरी पलंगावर टाकतो. अंगावर असेल तीच आपल्या ताब्यात.

बाळा, आणखी एक. आपली मराठी शाळा आणि दिवाळीचा कार्यक्रम हायस्कूलच्या इमारतीत असतो. तिथं लायसन्स असलं तरी गन नेता येत नाही. देवळाचं २०१९ पासून असं आहे की देवळाने मनाई केली नसेल तर चालतं, पण दारावर ३०.०६ ची, म्हणजे लपवून गन आणायला मनाई करणारी, पाटी असेल, इंग्रजी आणि स्पॅनिश, इंचभर उंचीची अक्षरं, तर नाही. पोस्टातही नको. अशा ठिकाणी जायचं असेल त्या दिवशी घरूनच लावू नकोस. ग्लव्ह बॉक्समध्ये टाकून आत जाणं म्हणजे चोराला आयती देणं. नाइलाज झालाच तर सीटखाली केबलने बांधलेली छोटी तिजोरी बसवून घे, आणि पार्किंगमध्ये पोचायच्या आधीच त्यात ठेव.

— ताई

*

प्रेषक: अण्णा, पर्लँड

थोडक्यात दोन गोष्टी. आपल्या ईमेल लिस्टवर एच-वन व्हिसावरची मुलं आहेत. तुम्हाला फेडरल कायद्याने गन बाळगायला बंदी आहे. हंटिंग लायसन्ससारखे मोजके अपवाद आहेत, पण ते वकिलाला विचारल्याशिवाय गृहीत धरू नका. ग्रीन कार्डवाल्यांना ही बंदी नाही.

दुसरं, नेमबाजीच्या रेंजवर न्यायची बॅग वेगळी ठेवा आणि ती भारतात कधीही नेऊ नका. शिवणीत अडकलेली एक गोळी मुंबईच्या विमानतळावर स्कॅनरमध्ये दिसली तरी १९५९ च्या शस्त्र कायद्याखाली प्रकरण उभं राहतं. इथलं लायसन्स तिथं चालत नाही. माझ्या मेव्हण्याला तीन दिवस पोलीस ठाण्याच्या बाकावर बसावं लागलं, आईच्या पंच्याहत्तरीला पोचला तेव्हा पंगती उठल्या होत्या.

— अण्णा

*

प्रेषक: बाळा, रिचमंड

नाना, ताई, अण्णा,

मनापासून आभार. ड्रॉवर कालच रिकामा केला, त्यात आता पावतीपुस्तकं आहेत. दुकानात गल्ल्याच्या मागे बोटाच्या ठशाने उघडणारी तिजोरी भिंतीला बोल्ट मारून बसवली. पट्टा आणि कायडेक्स आलं. रिकामी गन चार दिवस घरी लावून गोण्या उचलतोय. आधी दुपारी तीनलाच जीव नकोसा व्हायचा, पाचरीने आता रात्रीपर्यंत जातं. फक्त गाडीत बसल्यावर अजून थोडं रुततं. नाना, रविवारी सकाळी येऊ का? पाचर कुठं चिकटवायची ते एकदा तुमच्या डोळ्यांखालून घालतो. गन घरीच ठेवून येतो, नुसतं होल्स्टर आणतो. सौ.ने आंबोळ्या पाठवते म्हणून सांगितलंय.

— बाळा