मिशिगन: स्कूल बाँडसाठी राज्याकडून घेतलेलं कर्ज फिटतं कसं?

नवा_घरमालक
नोव्हेंबरच्या मतपत्रिकेवर आमच्या स्कूल डिस्ट्रिक्टचा बाँड (शाळांच्या इमारतींसाठी काढायचं कर्ज) आहे. पत्रकात 'करदरात वाढ नाही' म्हटलंय. मतपत्रिकेत मात्र शेवटी लिहिलंय की राज्याचं कर्ज फेडण्यासाठी बाँडची मुदत संपल्यावरही कर चालू ठेवावा लागू शकेल. दोन्ही खरं कसं? घर यंदाच घेतलं, ४ लाख डॉलरचं. मला किती पडेल?

मिल्स_आणि_हिशेब
दोन्ही खरं आहे. राज्य इमारतीला पैसे देत नाही. इमारत बाँडच्या पैशातून होते आणि बाँडचे हप्ते मालमत्ता करातून जातात. हप्त्याला जेवढे कमी पडतील तेवढेच राज्याच्या स्कूल लोन रिव्हॉल्व्हिंग फंडातून उसने मिळतात.

समजा डिस्ट्रिक्टमधल्या सगळ्या मालमत्तेचं करपात्र मूल्य (ज्या रकमेवर कर लागतो ती) २ अब्ज डॉलर आहे आणि बाँडसाठीचा कर ७ मिल्स आहे. १ मिल म्हणजे १००० डॉलरला १ डॉलर, त्यामुळे ७ मिल्सने १ कोटी ४० लाख जमतात. हप्ता १ कोटी ६५ लाखांचा असेल तर २५ लाख राज्याकडून येतात. पुढे जुने बाँड फिटले, हप्ता १ कोटी १० लाखांवर आला, तरी कर ७ मिल्सच राहतो आणि उरलेले ३० लाख राज्याचं कर्ज फेडण्यात जातात. दर तोच, वर्षं वाढली. २०१२च्या दुरुस्तीपासून बाँडच्या शेवटच्या हप्त्यानंतर ६ वर्षांच्या आत कर्ज पूर्ण फेडावंच लागतं.

तुमचं घर नवीन खरेदीचं, म्हणजे करपात्र मूल्य पुढच्या वर्षी बाजारभावाच्या निम्म्यावर येईल: साधारण २ लाख. ७ मिल्सने वर्षाला १४०० डॉलर. राहत्या घराची सवलत शाळेच्या १८ मिल्सच्या ऑपरेटिंग (चालू खर्चाच्या) करावर मिळते, कर्जाच्या मिल्सवर नाही. इथे बरेच जण फसतात.

लेकसाइड
खरी मेख व्याजात आहे, ते मुद्दलात चढत जातं. ४ टक्के धरले तर न फेडलेले २५ लाख १० वर्षांत सुमारे ३७ लाख होतात. शिवाय सगळं गणित करपात्र मूल्य दरवर्षी किती वाढेल या अंदाजावर उभं असतं. १९९४च्या 'प्रपोजल ए' या करसुधारणेनंतर घर विकलं जाईपर्यंत ते महागाई किंवा ५ टक्के, यातल्या कमी दरानेच वाढू शकतं. पण खाली यायला कसलीच मर्यादा नाही. २००८नंतर घरांचे भाव पडले तेव्हा तेच झालं: ७ मिल्सचं उत्पन्न घटलं, हप्ते तेच राहिले, उसनवारी वाढली. त्यातच जुनं कर्ज फिटायच्या आधी नवा बाँड आला की उरणारे पैसे त्याच्या हप्त्यात जातात आणि राज्याची बाकी तशीच राहते. स्कूल बोर्डाच्या सभेत करपात्र मूल्याच्या वाढीचा दर किती धरलाय ते विचारा आणि वर्षवार बाकीचा तक्ता मागा. बाकी शिखरावर कोणत्या वर्षी पोचते, ते बघा. हा प्रश्न कुणीतरी विचारायलाच हवा.

मिल्स_आणि_हिशेब
मतपत्रिकेतच शेवटच्या परिच्छेदात सध्याचे क्वालिफाइड बाँड (राज्याच्या या योजनेत बसणारे) आणि राज्याचं कर्ज यांची बाकी छापलेली असते. नवी उसनवारी अपेक्षित असेल तर तिचं मुद्दल, व्याज, किती वर्षं आणि किती मिल्स, हेही असतं. 'उसनवारी अपेक्षित नाही' असं असेल तर चिंता बरीच कमी.

'नाही' मत दिलं म्हणून ७ मिल्स लगेच थांबत नाहीत. आधीचे बाँड आणि राज्याची आधीची बाकी फिटेपर्यंत ते भरावेच लागतात, फक्त लवकर संपतात.