मदत हवी आहे: कॉलनीत खरी बातमी वेळेवर पोचवायची कशी?

नमस्कार मंडळी,

जळगावला पिंप्राळ्याच्या पुढे, शेतं संपून प्लॉट सुरू होतात त्या भागात राहते. कॉलनीचं नाव मुद्दाम लिहीत नाही. दोन गट नंबर, तीन लेआउट, मिळून १४० च्या आसपास घरं. बरेच भाडेकरू. मधेमधे बाभळी माजलेले रिकामे प्लॉट, त्यांचे मालक पुण्याला नाहीतर सुरतला. सोसायटी नोंदवलेली नाही, त्यामुळे अध्यक्ष-सचिव कोणी नाही. आहे तो एक व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप. त्याचे अ‍ॅडमिन असलेले नाना मुलाकडे राहायला गेले आणि जाताना "तुम्ही मॅडम आहात, तुमचं ऐकतील" म्हणून मला अ‍ॅडमिन करून गेले. मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते, एरंडोल तालुक्यात रोज अपडाऊन करते. शाळेतली पोरं ऐकतात. ग्रुपवरची माणसं काही ऐकत नाहीत.

मागच्या महिन्यात एकाच दिवशी दोन गोष्टी झाल्या, त्या सांगितल्याशिवाय माझा प्रश्न कळणार नाही.

आमच्या गल्लीत भुयारी गटारीसाठी चारी खोदायचं काम अचानक सुरू झालं. कधी सुरू होणार, किती दिवस चालणार, कोणालाच माहीत नव्हतं. सकाळी जेसीबी आला, त्याच्या बकेटने पिण्याच्या पाण्याची लाईन फुटली. आमच्याकडे पाणी एक दिवसाआड येतं आणि तो दिवस पाण्याचा होता. कामावरच्या मुकादमाने सांगितलं की आज पाणी येणार नाही, उद्या संध्याकाळी बघू. मी बसमध्ये बसल्या बसल्या ते ग्रुपवर टाकलं. वर फुलांचे फोटो, खाली "शुभ सकाळ", मग कोणाच्या तरी भाच्याचा वाढदिवस आणि त्याला ४० जणांच्या शुभेच्छा. माझा मेसेज संध्याकाळपर्यंत नऊ जणांनी पाहिला होता, मी मोजले. पलीकडच्या गल्लीतल्या माई एकट्या राहतात, साधा फोन वापरतात. त्यांनी पाणी येईल म्हणून आदल्या दिवशीचं शिळं पाणी झाडांना घालून टाकलं होतं. दुपारी शेजाऱ्यांकडे हंडा घेऊन गेल्या तेव्हा त्यांना कळलं.

ही झाली खरी बातमी. आता खोटी.

त्याच रात्री ८:५० ला एका ज्येष्ठ सभासदाने फोटोसकट एक मेसेज फॉरवर्ड केला: लेकरं पळवणारी टोळी पिंप्राळा भागात फिरतेय, चादरी विकायच्या निमित्ताने घरं हेरतात. फोटो कुठला, कधीचा, काही पत्ता नाही. आणि नेमके त्याच वेळी चादरी-सतरंज्या विकणारे दोघं जण, एक म्हातारा आणि एक विशीतला पोरगा, सायकल हातात धरून गल्लीतून चालले होते. अर्ध्या तासात ५०-६० माणसं जमली. ज्यांनी माझा पाण्याचा मेसेज पाहिला नव्हता, त्यांनीसुद्धा हा पाहिला होता. कोणी आधार कार्ड मागतंय, कोणी व्हिडिओ काढतंय. एकाने गठ्ठा ओढला तो सगळा चारीत पडला. फुटलेल्या लाईनीचं पाणी साचलेलंच होतं, चादरी चिखलात. मी आणि समोरच्या वहिनी मधे उभ्या राहिलो आणि वहिनींच्या मुलाने ११२ ला फोन लावला. पोलीस आले, दोघांना गाडीत बसवून घेऊन गेले, चौकशी करून सोडून दिलं. मारहाण झाली नाही. पण होऊ शकली असती, आणि मला त्या रात्री झोप लागली नाही.

राईनपाडा आठवतं ना? साक्री तालुका, १ जुलै २०१८, आठवडे बाजाराचा दिवस. नाथपंथी डवरी गोसावी समाजाची पाच माणसं, भिक्षा मागत गावोगाव फिरणारी, याच अफवेपायी ग्रामपंचायतीच्या खोलीत कोंडून मारून टाकली. ते दूर कुठे परराज्यात झालं नाही, आपल्या खान्देशात झालं. तेव्हा मी वर्गात मुलांना त्यावर बोलले होते, आणि आता माझ्याच ग्रुपवर, मी अ‍ॅडमिन असताना, तोच मजकूर.

तर प्रश्न असा: पाणी, खोदकाम, लाईट जाणं, लसीकरण, असली कामाची बातमी सगळ्यांपर्यंत (माईंसारख्या स्मार्टफोन नसलेल्यांपर्यंतसुद्धा) वेळेवर पोचावी आणि असल्या अफवा पोचू नयेत, यासाठी तुमच्या कॉलनीत काय करता? आणि खोदकामाची तारीख वगैरे आधीच कळावी म्हणून महापालिकेत नेमकं कोणाला विचारायचं? ग्रुप बंद करा असं कृपया सांगू नका, तो विचार करून झालाय.

गिरणाकाठ:
ताई, आधी त्या म्हाताऱ्याच्या चादरींचे पैसे कोणी दिले का, ते सांगा. 

बाकी, आम्ही चाळीसगावला असं केलं. जुना ग्रुप तसाच ठेवला, तिथे काय फुलं टाकायची ती टाका. दुसरा ग्रुप काढला "फक्त सूचना", सेटिंगमध्ये फक्त अ‍ॅडमिनलाच मेसेज टाकता येतो असं करून ठेवलं. अ‍ॅडमिन तिघं. दिवसाला जास्तीत जास्त एक मेसेज. काही नसेल तर काहीच टाकायचं नाही. सुरुवातीला लोकांनी विचारलं, हा ग्रुप बंद पडला का? हळूहळू सवय झाली की या ग्रुपचा टोन वाजला म्हणजे उठून बघायचं. एकदा जरी त्यावर दिवाळीच्या शुभेच्छा टाकल्या तरी संपलं समजा.

सातपुड्याचा_वारा:
कशाला लष्कराच्या भाकऱ्या भाजता मॅडम? उद्या ग्रुपवर काही झालं तर गुन्हा अ‍ॅडमिनवर दाखल होतो. सरकारी नोकरी आहे तुमची. सरळ एक्झिट व्हा.

निवृत्त_बाबू:
एका नगरपालिकेत ३१ वर्षं नोकरी केली म्हणून लिहितो.

आधी वरच्यांची भीती. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने २०२१ मध्ये गोंदिया जिल्ह्यातल्या प्रकरणात स्पष्ट केलंय की सभासदाने टाकलेल्या आक्षेपार्ह मजकुराला निव्वळ अ‍ॅडमिन आहे म्हणून कोणाला जबाबदार धरता येत नाही, त्यात त्याचा सहभाग किंवा संगनमत दिसावं लागतं. तेव्हा एक्झिट व्हायची गरज नाही. पण अफवा दिसली की तुम्ही "सर्वांसाठी डिलीट" करून खाली "ही अफवा आहे, पुढे पाठवू नका" असं लिहायलाच हवं. नुसतं डिलीट केलं की लोकांना वाटतं काहीतरी दाबलं.

आता महापालिका. वरच्या साहेबापासून सुरुवात करू नका. पाण्याबाबत तुमच्या भागाचा व्हॉल्व्हमन सगळ्यात आधी सांगू शकतो. वाघूर धरणाच्या मुख्य लाईनला गळती लागली, पंपिंगची वीज गेली, की टप्पा पुढे ढकलला हे त्याला पेपरात यायच्या आधी कळतं. त्याचा नंबर घ्या, पण कॉलनीतून एकानेच फोन करायचा असं ठरवा. ४० जणांनी फोन केले तर तो उचलायचं बंद करेल, आणि त्याचं काही चुकलं नाही. 

खोदकामासाठी कामाच्या जागी फलक आहे का बघा: कामाचं नाव, ठेकेदार, रक्कम, मुदत. नसेल तर फोटो काढून प्रभाग समिती कार्यालयात साधा अर्ज द्या: कार्यादेशाची (वर्क ऑर्डरची) प्रत आणि गल्लीनिहाय वेळापत्रक मिळावं, आणि रस्ता पूर्ववत कोण करणार ते कळावं. अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर पोच घ्या, शिक्का आणि तारीख बघून. पोच नसलेला अर्ज म्हणजे रद्दी. ह्याने काम झालं नाही तरच माहितीचा अधिकार: १० रुपयांचा स्टॅम्प, विषय एकच, अर्ज १५० शब्दांत, उत्तर ३० दिवसांत. पण हे ध्यानात घ्या की ३० दिवसांत चारी बुजलेली असते. माहिती अधिकार झालेल्या कामाचा हिशेब मागायला चांगला, उद्याचं पाणी विचारायला नाही. 

जाता जाता: कायद्यात २००९ पासून क्षेत्रसभेची तरतूद आहे, नगरसेवकाने मतदारांना बोलावून ऐकून घ्यायचं असतं. मधली काही वर्षं प्रशासकच होते तेव्हा प्रश्नच नव्हता. माझ्या अख्ख्या नोकरीत मी एकही क्षेत्रसभा पाहिली नाही, हे इथे कबूल करतो. मागून तर बघा.

अहिरानी_भाऊ:
ताई, आमना गावमा पह्यले दवंडी देनारा व्हता. आते मोबाईल उना, दवंडीवाला गया. तुम्ही घंटागाडीवालाले सांगा. तो रोज सकायले येस, त्याना भोंगा सगळासले ऐकू येस. 

निवृत्त_बाबू:
भाऊंनी गमतीत लिहिलं असेल, पण घंटागाडीवाला खरंच प्रत्येक दारासमोर थांबतो. भोंग्यावर सांगायला तो परवानगी मागेल. हातात चिठ्ठी दिली तर दोन शब्द तोंडी सांगेल.

बामणोदची_लेक:
स्मार्टफोन नसलेल्यांचं उत्तर बायकांकडे आहे. उन्हाळ्यात कुरडया-पापडाला एका घरी दहा जणी जमतात, कोणाच्या घरात कोण आजारी आहे, कोणाचा मुलगा बाहेरगावी आहे, सगळं तिथे कळतं. कानबाईच्या सणाला रोटाचं (नैवेद्याचं) दळण कोणाकडे किती, हे कोणी ग्रुपवर विचारत नाही, तरी सगळ्यांना माहीत असतं. प्रत्येक गल्लीत एक जण अशी निवडा जिला माईंसारखी तीन-चार घरं ठाऊक आहेत. सूचना आली की तिने जाऊन सांगायचं. आमच्याकडे तिला काही पदबीद दिलं नाही, दिलं असतं तर भांडणं झाली असती. 

आणि एक फळा. दुधाच्या डेअरीवर किंवा किराणा दुकानावर, देवळात नको. देवळात काही लोक येत नाहीत, काहींना आपण यावं की नाही असं वाटतं. दूध सगळे घेतात. फळ्यावर तारीख टाकायची आणि रात्री पुसायचा. मागच्या आठवड्याची सूचना फळ्यावर राहिली की आजचीही कोणी वाचत नाही.

भरीतप्रेमी:
बैठक बोलवली तर ११ जण येतील, तेही चहा आहे का विचारून. थंडी पडली की ओपन स्पेसवर भरीत पार्टी ठेवा. कपाशीच्या काड्यांवर वांगी भाजायला घेतली की भाडेकरू काय, मालक काय, सगळे येतात. कळण्याची भाकरी हातात असताना माणूस ऐकून घेतो. तिथेच नंबर गोळा करा.

सातपुड्याचा_वारा:
आणि ज्याने अफवा टाकली त्याला काढून टाका की ग्रुपमधून! एकाला काढलं की बाकीचे सरळ होतात.

(धागाकर्ती):
सगळ्यांचे आभार. चादरींचं आधी सांगते: दुसऱ्या दिवशी वहिनींनी आणि मी वर्गणी काढली, पण ते दोघं पुन्हा आले नाहीत. पैसे माझ्याकडे पाकिटात तसेच आहेत. पोलीस ठाण्यात विचारलं, त्यांच्याकडे गावाचं नाव आहे, बघते.

ज्येष्ठ सभासदांना काढायचं म्हणताय, ते मला जमणार नाही आणि करूही नये. मागच्या उन्हाळ्यात ह्याच आप्पांनी आपली बोअर सगळ्या गल्लीला खुली केली होती, नळी टाकून. त्यांना दोन लहान नातवंडं आहेत. त्यांनी मेसेज घाबरून पाठवला, वाईट हेतूने नाही. मी घरी जाऊन बोलले. आधी चिडले, "म्हणजे आम्ही सावध करायचंच नाही का?" मग मी विचारलं, आप्पा, हे कोणी पाहिलं? कुठे? कधी? तिन्हीला त्यांच्याकडे उत्तर नव्हतं. राईनपाड्यानंतर त्याच महिन्यात व्हॉट्सअ‍ॅपने भारतात एका वेळी पाचच ठिकाणी फॉरवर्ड करता येईल अशी मर्यादा घातली, हे त्यांना मी सांगितलं तर म्हणाले, "मग मी चारच ठिकाणी पाठवलं." आता हसू येतं, तेव्हा आलं नव्हतं.

(धागाकर्ती), तीन आठवड्यांनी:
उशीर झाला, परीक्षा होत्या.

सूचनांचा वेगळा ग्रुप काढला, अ‍ॅडमिन तिघं: मी, वहिनींचा मुलगा आणि आप्पा. हो, आप्पाच. वहिनी अजून माझ्याशी त्यावरून नीट बोलत नाहीत. पण आमचा नियम असा की तिघांपैकी दोघांनी "खरं आहे" म्हटल्याशिवाय काही टाकायचं नाही, आणि आप्पा आता माझ्याच मेसेजला "कोणी पाहिलं, कधी पाहिलं" विचारतात. व्हॉल्व्हमनला फोन तेच करतात, दोघांची चांगली जमलीय.

प्रभाग समितीत अर्ज दिला, पोच मिळाली. वेळापत्रक मिळालं नाही. फलक मात्र चार दिवसांत लागला, त्यावर मुदत लिहिलीय ती आधीच उलटून गेलेली आहे. निवृत्त बाबूंनी आता पुढचं सांगावं.

डेअरीवाला फळ्याला नाही म्हणाला, गिऱ्हाईक अडतं म्हणे. मग आप्पांच्या कंपाऊंडला टांगला, कोपरा त्यांचाच आहे. मी सकाळी ६:१० ला बस पकडते, त्यामुळे लिहायचं काम पलीकडच्या गल्लीतल्या आठवीतल्या मुलीने घेतलं. पहिल्याच दिवशी तिने लिहिलं, "उद्या पानी ५ वाजता येनार." संध्याकाळी मी खडू उचलला, दोन्ही "न"चे "ण" करायला. माई तिथेच उभ्या होत्या, एकेक अक्षर लावून मोठ्याने वाचत होत्या, पानी, येनार. मी खडू ठेवून दिला.

अडलंय ते भाडेकरूंपाशी. दर दोन-चार महिन्यांनी घरं बदलतात, एमआयडीसीत रात्रपाळी करतात, दिवसा झोपलेले असतात, मालक त्यांचे नंबर देत नाहीत. भरीत पार्टीलाही त्यांच्यातले चारच आले. कोणाच्या कॉलनीत यावर काही तोडगा निघाला असेल तर लिहा.