शनिवारची सुट्टी, कंपनीचा टीशर्ट आणि तलावाची सफाई : समाजसेवा का हजेरी?

फर्स्टशिफ्टवाला

लोकहो, चिडून लिहितोय, शब्द इकडंतिकडं झाले तर सांभाळून घ्या. एमआयडीसीत एका कारखान्यात मेंटेनन्सला आहे, चौदा वर्षं झाली. मागच्या शुक्रवारी शिफ्ट सुटताना नोटीस लागली, उद्या सकाळी साडेसहाला सिद्धेश्वर तलावाच्या काठावर स्वच्छता, 'सहभाग ऐच्छिक'. आणि त्याच्याच खाली बारीक अक्षरात, न येणाऱ्यांनी विभागप्रमुखांना कारण कळवावे. आता ह्यात इच्छा कुणाची ते तुम्हीच सांगा.

शनिवारी आमच्याकडं पाणी यायचं होतं. चार-पाच दिवसांनी पाणी येतं म्हणजे काय हे सोलापूरकराला सांगायला नको. बायकोनं एकटीनं भरलं सगळं, पिंप, घागरी, बादल्या, वर टाकीत चढवायला मोटर लावली ती पण तिनंच, आणि मी तिकडं एक्सएलचा टीशर्ट घालून (एल संपला होता म्हणे, सगळ्यांना एक्सएल) गुटख्याच्या पुड्या वेचायलोय. वेचल्या त्याचं काही नाही ओ. साहेब आले आठला. तोवर बॅनर धरून उभं राहायचं, काठ्या आणायच्या विसरलेल्या म्हणून दोन पोरं दोन टोकं हातात धरून. मग साहेबांनी कोरे करकरीत हातमोजे घातले, एक बाटली उचलली, फोटो, बाटली पोत्यात, परत तीच बाटली बाहेर कारण पहिल्या फोटोत डोळे मिटले होते. मग पोहे. नऊला खेळ खलास.

एकतीस पोती भरली होती आम्ही, मी मोजली. घंटागाडीला कुणी सांगितलंच नव्हतं. सोमवारी मुद्दाम गाडी तिकडून घेतली तर निम्मी पोती कुत्र्यांनी फाडलेली, कचरा परत काठावर.

माझं मत सरळ आहे. कंपनीला गावासाठी काही द्यायचंय तर तिनं स्वतःच्या वेळेतलं द्यावं, ड्युटीच्या आठ तासांतलं. माझा शनिवार तिचा नाही.

जुळेसोलापूरकर

दादा, राग समजतो पण दोन-अडीच तासांसाठी एवढं? तलाव कुणाचा आहे? बाराव्या शतकात सिद्धरामेश्वरांनी शिष्यांना घेऊन स्वतः खोदला असं आपण लहानपणापासून ऐकत आलोय, श्रमदान ह्या गावाच्या मुळातच आहे. गड्ड्याच्या, म्हणजे सिद्धेश्वरांच्या, यात्रेला आपण सगळे जातो, खातो, कागद तिथंच टाकतो आणि मग महापालिकेच्या नावानं बोटं मोडतो. कंपनीनं ढकललं म्हणून का होईना शंभर माणसं काठावर गेली ना? स्वतःहून गेला असता का तुम्ही, खरं सांगा.

कडकभाकरी

सिद्धरामेश्वरांच्या वेळेला बॅनर होतं का बे? आणि गैरहजर शिष्यांनी कारण कळवावे अशी नोटीस?

मुद्द्याचं बोलू. ह्या कंपन्यांना कायद्यानं नफ्याचे दोन टक्के समाजाला द्यावेच लागतात, उपकार नाहीत. आणि तुमच्यासारख्यांचे शनिवार त्या दोन टक्क्यांत धरून खर्च दाखवतात. म्हणजे घाम तुमचा, पुण्य त्यांचं, वर पैसे पण वाचले.

एचआरवाली

कडकभाकरी, हे चुकीचं पसरवू नका. मी हेच काम करते (तलाववाली कंपनी नव्हे, दुसरी), त्यामुळे सांगते. कंपनी कायदा 2013, कलम 135, लागू झालं 1 एप्रिल 2014 पासून. नेटवर्थ 500 कोटी किंवा उलाढाल 1000 कोटी किंवा निव्वळ नफा 5 कोटी, ह्यातलं एक जरी ओलांडलं तरी मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याचे 2 टक्के समाजासाठी खर्च करायचे, ह्यालाच सीएसआर म्हणतात. पण खर्च म्हणजे पैसाच. कर्मचाऱ्यांनी दिलेला वेळ रुपयांत मोजून त्यात दाखवता येत नाही, 2021 मध्ये केंद्राच्या कंपनी व्यवहार मंत्रालयानं तसा खुलासाच केलाय. वस्तू देऊन तिची किंमत लावायची, तेही चालत नाही. आणि स्वतःच्याच कामगारांच्या फायद्याचं काम त्यात बसत नाही, त्यामुळे 'आधी आम्हा कामगारांना द्या' असं कुणी म्हणत असेल तर त्यानं ते पगार-बोनसच्या खात्यात मागावं, ह्या खात्यात नाही.

मूळ पोस्टमधल्या नोटिशीचं समर्थन मी करणार नाही, ती लाज आणणारी आहे. पण सगळ्यांना एका मापात नका मोजू. आमच्या अकाउंट्सच्या दोघी जणी मागच्या वर्षी पूर्व भागात रविवारी जाऊन बसायच्या, बिडी कामगार बायकांच्या पीएफच्या कागदांसाठी. तेलुगू आडनावं, आधारवर एक स्पेलिंग, पीएफच्या कार्डावर दुसरं, बँकेत तिसरं, पैसे अडकलेले. एक आजी तर नवऱ्याच्या नावाच्या जागी सासऱ्याचं नाव पडलंय म्हणून किती वर्षं हेलपाटे मारत होती. त्या दोघींना कुणी सांगितलं नव्हतं, टीशर्टही नव्हता. ह्याला काय म्हणाल?

कडकभाकरी

ठीक, वेळ धरत नाहीत, मान्य, माझं चुकलं. पण मग फोटो कशाला लागतात एवढे? वार्षिक अहवालाच्या कव्हरला. पैशात नाही तर नावात वसूल करतातच की.

आणि त्या दोघींचं म्हणाल तर त्यांना माझा दंडवत. पण ते कंपनीचं काम झालं का? त्या दोघींचं झालं. कंपनीनं त्यांना किमान एक बदली सुट्टी दिली का?

एचआरवाली

नाही दिली. मी मागितली होती.

रोजावरचा

मी पण त्या दिवशी तलावावर होतो, कदाचित ह्या दादांच्या शेजारीच. मी ठेकेदाराकडून आहे. परमनंटवाल्यांचा शनिवार सुट्टीचा, आमचा नसतो, आम्हाला शनिवारी काम असतं तर त्या दिवसाचा रोज मिळतो. त्या दिवशी लाईन बंद ठेवून तिकडं नेलं आणि पगाराला बघतो तर तो दिवसच नाही. ठेकेदार म्हणतो कंपनीला विचार, कंपनी म्हणते ठेकेदाराला विचार. टीशर्ट पण परत घेतला आमच्याकडून, पुढच्या कार्यक्रमाला लागतो म्हणून.

तुम्ही लोक वेळेवरून भांडायलाव, आमचे पैसे गेलेत.

जुळेसोलापूरकर

हे मात्र वाईट झालं. ह्याचं समर्थन मी नाही करत.

मास्तर_रिटायर्ड

मी घेणाऱ्या बाजूनं बोलतो, कारण देणाऱ्यांच्या भांडणात त्याला कुणी विचारत नाही. महापालिकेच्या शाळेत तीस वर्षं होतो, तेलुगू माध्यम. दर जूनला शाळा उघडली की वह्या यायच्या. एवढ्या वह्या की कपाटाला दार लागायचं नाही, आणि सप्टेंबरात बघावं तर पोरांकडं कंपासपेटीत टोक असलेली पेन्सिल नाही. रस्त्यालगतची शाळा असल्यामुळं भिंत तीनदा रंगवून झाली, तीन वेगळ्या कंपन्यांकडून, प्रत्येकाचं तेच झाड, तीच हसणारी मुलगी. मागच्या बाजूला संडासाची कडी तुटलेली ती तुटलेलीच. मुली मैत्रिणीला बाहेर उभं करून आत जायच्या. एका कंपनीनं गोष्टीच्या पुस्तकांचं कपाट दिलं, सगळी मराठी. आमची दुसरीतली पोरं अजून तेलुगू अक्षरं लावत होती. विचारलं असतं तर सांगितलं असतं ओ, शाळेच्या पाटीवरच लिहिलंय कुठलं माध्यम.

आणि पाणी शुद्ध करायचं मशीन. आरओ. उद्घाटनाला केवढी माणसं, फीत, नारळ. आठ महिने चाललं. मग फिल्टर बदलायची वेळ आली, त्याचे पैसे कोण देणार? कंपनीच्या यादीत ते काम 'पूर्ण' झालेलं, महापालिकेच्या यादीत ते मशीनच नाही. आता त्याच्यावर खडूचे डबे ठेवतात. पाटी मात्र स्टीलची आहे, अजून चकाकते.

म्हणून शनिवार का सोमवार, ह्या वादात मला गम्य नाही. माणूस पाठवा नाहीतर पैसे पाठवा, पण आधी विचारा आणि वर्षभरानं परत या. दुसऱ्यांदा आलेली कंपनी मी तीस वर्षांत एकच बघितली.

चादरवाला

एवढे सगळे कंपनीच्या अंगावर धावलाव तर आमची पण बाजू ऐका. माझा लहान कारखाना, चादरी आणि टॉवेल. 5 कोटी नफा स्वप्नात पण नाही, कायदा आम्हाला लागूच नाही. तरी गड्ड्यात पाण्याची सोय करतो, गल्लीतल्या पोरींच्या फिया भरतो, कुणाच्या लग्नाला चादरी देतो. सोलापुरात हे बापजाद्यांपासून चालतं, त्याला कधी सीएसआर म्हणलं नाही आम्ही. कुणी फोटो काढला तर चूक काय, मंदिरात पंखा दिला तरी पात्यावर नाव घालतो माणूस. फोटो बघून दुसरा कारखानदार पण हात सैल सोडतो, हे मी डोळ्यानं बघितलंय.

कडकभाकरी

मालक, पोरींच्या फिया भरता, चांगलंय. कामगारांचा पीएफ भरता का? दिवाळीच्या बोनसला दरवर्षी मोर्चा का निघतो मग? कामगाराला हक्काचं द्यायचं नाही आणि त्याच्याच पोरीला दान द्यायचं, म्हणजे त्यानं वर्षभर हात जोडून उभं राहायचं. हक्काला हात जोडावे लागत नाहीत ना, म्हणून दान परवडतं.

चादरवाला

सुताचा भाव बघा, विजेचं बिल बघा आणि मग बोला. मोबाईलवर टायपायला काय जातंय.

कडकभाकरी

म्हणजे भरत नाही.

रक्तपेढीतला

भांडण मिटलं असेल तर एक वेगळं सांगतो. आमच्याकडं कंपन्यांची शिबिरं होतात ती सगळी जानेवारी नाहीतर मालकाच्या वाढदिवसाला. एका दिवसात दोन-तीनशे पिशव्या. रक्त लोणच्यासारखं बरणीत राहत नाही, साध्या पिशवीत 35 दिवस, जास्तीत जास्त 42, प्लेटलेट तर 5 दिवसांत फेकायच्या. आणि मे महिन्यात, ऊन 43-44 ला, कॉलेजं बंद, अर्धं गाव लग्नाला, तेव्हा नातेवाईक रडत दारात उभे. जानेवारीतल्या पिशव्यांपैकी निम्म्या जरी कंपनीनं मे महिन्यात दिल्या तरी चालेल. मी तीन एचआरना हे सांगितलंय. एकानं सांगितलं, मेमध्ये साहेब परदेशात असतात. म्हणलं साहेबांचं रक्त नकोय आम्हाला, तुमच्या पोरांचं पाठवा.

पुरुषाला तीन महिन्यांनी परत देता येतं. पोरं स्वतःहून येतात, नाही असं नाही. पण भरल्या उन्हात शिफ्ट सोडून यायचं तर वर सुपरवायझरनं 'जा' म्हणायला लागतं, तिथं अडतंय.

जुळेसोलापूरकर

मग हेच तर मी म्हणतोय की कंपनीनं ढकलल्याशिवाय होत नाही. आणि स्वतःहून जाणाऱ्यांचंच ऐकायचं असेल तर डॉ. कोटणीस आपल्याच गावचे, 1938 ला जखमींवर उपचार करायला चीनला गेले आणि 1942 ला तिकडंच वारले. तसली माणसं शतकात एखादी. बाकी आपल्यासारख्यांना नोटीसच लागते.

फर्स्टशिफ्टवाला

'जा' म्हणणं आणि 'ये नाहीतर कारण दे' म्हणणं ह्यात फरक आहे की नाही साहेब? रक्ताला ड्युटीतून दोन तास सोडा, मी मेमध्ये पहिला असतो.

आणि एचआर ताई, एक विचारायचं राहिलं. कायद्यात स्थानिक भागाला प्राधान्य असं काहीतरी आहे ना? आमच्या मालकांचं हेडऑफिस बाहेर, मोठे पैसे तिकडंच जातात. धूर इथं, पैसा तिथं, आणि आमच्या वाट्याला पोहे.

एचआरवाली

आहे, कलमातच आहे, पण सक्ती नाही, तोही खुलासा झालाय. जिथं बोर्ड बसतं तिथं पैसा जातो हे मी पण बघते. प्लँटवाल्यांनी वर लेखी प्रस्ताव पाठवला तर कधीकधी मिळतं. 'सोलापूरला काहीतरी करा' म्हणून मिळत नाही. मास्तरांच्या शाळेसारखं, अमुक मशीन, अमुक फिल्टर, तीन वर्षांच्या देखभालीसकट इतके रुपये, असं कागदावर लागतं. रोजावरच्या भाऊंनी पण तारीख घालून लेखी अर्ज करा, मूळ मालक म्हणून कंपनीला हात झटकता येत नाहीत, ठेकेदारानं पगार बुडवला तर जबाबदारी कंपनीवर येते.

रोजावरचा

लेखी दिलं तर पुढच्या महिन्यात गेटवर पास मिळणार नाही ताई.

फर्स्टशिफ्टवाला

मी देतो लेखी. त्या दिवशी कितीजण होते त्याची हजेरी माझ्याकडंच होती, नावं आहेत.

मास्तर, त्या शाळेत पाणी वर चढतं का सध्या? मशीनचं नंतर बघू.

मास्तर_रिटायर्ड

कुठलं चढतंय. हौदात पाणी असतं, मोटर नुसती गुणगुणते, फिरत नाही. शिपाई बादलीनं वर नेतो.

फर्स्टशिफ्टवाला

गुणगुणते म्हणजे बहुतेक कपॅसिटर गेलाय, दोन-अडीचशेचा विषय. बंद ठेवा, चालू ठेवली तर वाइंडिंग जळेल. हेडमास्तरांना सांगून ठेवा, शनिवारी येतो, शाळा सकाळचीच असते ना. संडासाची कडी पण घेऊन येतो, माप पाठवा.

कडकभाकरी

घ्या! शनिवार माझा म्हणून धागा काढला आणि शेवटी शनिवारीच फुकट राबायला निघाले. कंपनीनं हा धागा वाचला तर बॅनर घेऊन येतील तिथं.

फर्स्टशिफ्टवाला

येऊ देत. काठ्या आणा म्हणावं ह्या वेळेला.

मास्तर_रिटायर्ड

कडी सहा इंची. आणि शनिवारी आमच्या भागात पाणी यायचंय, साडेअकराच्या आत या, नाहीतर मला घरी पळावं लागेल.