ऑक्टोबरातली पेरणी हा उपाय नाही
मार्चचा उन्हाळा चुकवायला गहू ऑक्टोबरमध्येच पेरा, असा सल्ला काही जण देतात. कारण बरोबर, उपाय नाही. नागपूरकडे ऑक्टोबरात जमीन तापलेलीच असते. त्या उष्णतेत फुटवे (बुंध्यातून निघणाऱ्या नव्या काड्या) कमी निघतात आणि ओंबी लवकर, आखूड येते. म्हणजे मार्चमधलं नुकसान नोव्हेंबरात ओढून आणायचं. बागायती गव्हाला नोव्हेंबरचा पहिला पंधरवडाच योग्य. कापूस किंवा धान निघायला उशीर झाला, तर एकेएडब्ल्यू 4627 सारखं उशिरा पेरणीचं वाण घ्यावं, हेक्टरी बियाणं 100 ऐवजी 125 किलो आणि ओळींत 22.5 ऐवजी 18 सेंमी अंतर, कारण फुटव्यांची तूट रोपांच्या संख्येनेच भरून काढावी लागते. 15 डिसेंबरनंतर गव्हाचा नाद सोडलेला बरा.

त्या सल्ल्यात पाण्याचा मुद्दा मात्र राहूनच गेलाय. दाण्यात चीक भरताना पारा 30 अंशांपलीकडे गेला, की दाणा भरण्याचे दिवसच घटतात, दाणे सुरकुततात. देशभर 2022 च्या मार्चमध्ये तेच झालं. म्हणून पेरणीपासून 80-85 दिवसांच्या सुमारास हलकं पाणी द्यावं, तेही वारा पडल्यावर संध्याकाळी. भर वाऱ्यात भिजवलं तर ओंब्यांच्या वजनाने गहू लोळतो.